उताराची वीज

धनाजी खाडे या माणसाला दोन गोष्टींची मनापासून चीड होती. एक म्हणजे गाडी कशी चालवायची हे कुणी शिकवायला आलेलं, आणि दुसरी म्हणजे त्याचा साडू, युवराज तिबिले. कोरजाई घाटात वीजतार आली आणि या दोन्ही गोष्टी एकाच पडद्यावर, स्टिअरिंगच्या शेजारी, रोज सकाळी अकराला उजळायला लागल्या. 'उतरती गाडी, चालक खाडे. चढती गाडी, चालक तिबिले. जोडी जुळली.' हा पडदा बनवणारा कोण होता देव जाणे, पण त्याला साडू नसावा.

धनाजीची बायको सुवर्णा थोरली, युवराजची बायको छाया धाकटी. बहिणी दिवसातून दोनदा फोनवर बोलायच्या. नवऱ्यांनी मात्र नऊ वर्षांत एकमेकांशी अवाक्षर काढलं नव्हतं. लग्नकार्यात एकाची पंगत उठल्याशिवाय दुसरा मांडवात पाय ठेवत नसे, आणि वाढपी मंडळींनाही आता ते अंगवळणी पडलं होतं.

भांडण न्यूट्रलवरून झालं होतं. जुन्या डिझेल गाड्यांच्या काळात घाटातला चालक म्हणजे न्यूट्रलचा उस्ताद. माथा ओलांडला की गिअर काढायचा, गाडी मोकळी सोडायची आणि नुसत्या ब्रेकच्या जिवावर सगळा घाट उतरायचा. नियमात ते बसत नव्हतं, पण त्यानं अ‍ॅव्हरेज वाढायचं, आणि ज्याचं अ‍ॅव्हरेज चांगलं त्याला आगारात नारळ मिळायचा. धनाजीनं असे अकरा नारळ मिळवले होते. मग एका दिवशी त्याच्या गाडीत युवराज प्रवासी म्हणून बसला. तेव्हा तो नोकरीत नवा होता, आणि नियमाचं पुस्तक त्याला अजून खरं वाटायचं. घाट उतरल्यावर तो तडक साहेबांकडे गेला आणि बावन्न प्रवाशांसह गाडी न्यूट्रलवर सोडल्याची तक्रार लिहून आला. धनाजी सहा महिने घरी बसला. गावातला प्रत्येक शहाणा माणूस त्याला रस्त्यात थांबवून विचारायचा, 'काय, सुट्टीवर का?' त्या सहा महिन्यांत त्याच्या मनातून युवराज जो उतरला तो उतरलाच.

पुढे हायब्रीड गाडी आली. आधी चालकांनी तिचं नाव 'दोन बायकांचा दादला' ठेवलं, कारण तिच्यात डिझेलचं इंजीनही होतं आणि विजेची मोटरही. पण नुसत्या बॅटरीच्या गाड्या आणून पाहिल्या तर त्या चढावर धापा टाकायच्या आणि चार्जिंगसाठी तासन्तास खोळंबायच्या. नुसतं डिझेल परवडेनासं झालं होतं. या गाडीला कुठं वायर लावून बसायला नको. टाकी भरा आणि निघा. बाजारपेठेत शिरली की इंजीन बंद, आवाज नाही, धूर नाही. भाजीवाल्या बाया विचारायला लागल्या, 'ती गप गाडी कवा येती?' दोन-तीन वर्षांत आगारात दुसरी गाडी उरली नाही, आणि गावातल्या डॉक्टरांपासून मास्तरांपर्यंत सगळ्यांच्या दारातही हायब्रीडच दिसायला लागली.

आगाराची इंजिनिअर आफरीन मुजावर हिनं चालकांचा वर्ग घेतला होता. पस्तिशीची, सडपातळ, आणि धनाजीच्या मते नको तितकी हसतमुख.

"ब्रेक मारला की गाडीचा वेग कुठं जातो?" तिनं विचारलं. "उष्णता होऊन हवेत जातो. तुम्ही चढावर जाळलेलं डिझेल उतारावर ब्रेकचे लायनर घासून फुंकून टाकता. ही गाडी तसं करत नाही. तिची चाकं मोटर फिरवते. इंजीन चाकांना जोडलेलंच नाही, त्याचं काम फक्त वीज तयार करायचं. आणि उतारावर चाकंच मोटरला फिरवतात. मग तीच मोटर वीज तयार करते. वीज करायची म्हणजे मोटरला जोर लागतो, तो जोर ती चाकांकडून घेते, म्हणून चाकं आवरतात. ब्रेकही लागला आणि वीजही मिळाली."

"आणि न्यूट्रल टाकला तर?" मागून कुणीतरी विचारलं, आणि सगळे धनाजीकडं बघून हसले.

"तर मोटर मोकळी. वीज नाही, आवर नाही. सगळा भार लायनरवर. आणि या गाडीचे लायनर वर्षभर जेमतेम वापरले जातात, ड्रमवर गंज धरतो. त्यांच्या भरवशावर घाट उतरू नका."

धनाजी चिडून तंबाखू मळायला बाहेर गेला. त्यानंतर ती तारेबद्दल काय बोलली ते त्यानं ऐकलं नाही, आणि परत येऊन कुणाला विचारलंही नाही.

तारेची गरज अशी पडली. हायब्रीडची बॅटरी लहान असते. भरलेली बस कोरजाई उतरायला लागली की अर्ध्या घाटातच बॅटरी काठोकाठ भरायची आणि पुढच्या उताराची वीज ठेवायला जागाच उरायची नाही. त्याच वेळी समोरून चढणारी गाडी डिझेल ओकत असायची. तेव्हा घाटभर रस्त्याच्या वरून एक वीजतार ओढली आणि गाड्यांच्या छपरावर तारेला टेकणारी दांडी बसवली. चालक तिला शेंडी म्हणायचे. उतरणारी गाडी वीज तारेत सोडणार, चढणारी ती घेणार. विहिरीच्या रहाटावर एक पोहरा खाली जाताना दुसरा वर येतो, तेवढंच ते साधं होतं. एका वेळी एक गाडी वर, एक खाली, आणि दोघांची वेळ बांधलेली.

वेळापत्रक संगणकानं केलं. अकराच्या जोडीत धनाजी खाली आणि युवराज वर, असं आलं. धनाजीनं बदली मागितली. साळोखे साहेब, म्हणजे आगारप्रमुख, हसून म्हणाले, "खाडे, तारेला काय ठाऊक तुमचं भांडण?"

म्हणजे रोज धनाजी घाट उतरणार, आणि त्याच्या उताराच्या जोरावर युवराज फुकटात घाट चढणार. शिवाय चालकांना गुण होते. चढताना इंजीन जितकं कमी चालेल तितके गुण जास्त. लागोपाठ चार महिने गुण कमी पडले तर चालकाचा घाट काढून घ्यायचे आणि त्याला गावातल्या गावात चकरा मारायला लावायचे. घाटातल्या चालकाला यापेक्षा मोठा अपमान नव्हता. युवराजचे गुण पहिल्या महिन्यात आगारात सर्वांत जास्त आले. फलकावर त्याचं नाव लागलं. धनाजीला ते नाव म्हणजे आपल्याच पानातलं उचलून कुणी खाल्ल्यासारखं वाटलं.

न्यूट्रल पहिल्यांदा पडला तो सवयीनं. हात आपोआप बटणाकडं गेला, गाडी क्षणभर मोकळी सुटली, आणि पडद्यावर युवराजच्या गाडीपुढं इंजीन सुरू झाल्याचं लाल चिन्ह उजळलं. धनाजीनं घाईनं गाडी पुन्हा मोटरवर लावली. मग त्याला त्या लाल चिन्हाची गंमत वाटायला लागली. संगणक आठ सेकंदांच्या आतल्या न्यूट्रलची नोंद ठेवत नाही, हे त्यानं कार्यशाळेत कानावर पडलेलं ऐकलं होतं. थांब्यावर चालक बटण उगाच मागं-पुढं करतात, त्यांच्या नोंदींचा ढीग नको म्हणून तशी सोय होती. धनाजीनं सात सेकंद धरले.

खडकीचा चढ हा घाटातला सर्वांत अंगावर येणारा. युवराजच्या गाडीचा ठिपका तिथं आला की धनाजी न्यूट्रल टाकायचा. तारेतली वीज एकदम तुटायची, युवराजची गाडी आचका द्यायची, इंजीन दचकून उठायचं, आणि आतले प्रवासी एकमेकांच्या अंगावर. सात सेकंद. मग गाडी लावायची, श्वासभर थांबायचं, पुन्हा सात सेकंद. तेवढ्या वेळात आपली गाडी तो जुन्या पद्धतीनं ब्रेकवर सांभाळायचा, आणि त्याला पुन्हा तिशीत आल्यासारखं वाटायचं.

तीन महिने युवराजचे गुण घसरत राहिले. चौथा महिना सरत आला तेव्हा एका संध्याकाळी सुवर्णा भाकरी थापता थापता म्हणाली, "छायाच्या मालकाचा घाट काढणार म्हणं. आणखी आठ दिवस असंच राहिलं तर."

"काढू देत की. चालवता येत न्हाई तर काढणारच."

"नऊ वर्षं चालवालाय त्यो. आताच कसं येईना झालं?" तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि त्याच्याकडं वळून बघितलं. "माणसं ओकत्यात म्हणं त्याच्या गाडीत. छाया रडत हुती फोनवर."

"मला का सांगतीस?"

"तू घाटात असतोस म्हणून सांगितलं. का दुसरं काय कारण हाय?"

धनाजी जेवत राहिला. बायकोच्या नजरेत आपण पकडले गेलोय हे त्याला कळलं होतं, पण आठच दिवस उरले होते. नऊ वर्षं थांबलेला माणूस आठ दिवसांसाठी माघार घेणार नव्हता.

पाचव्या दिवशी खाली बेलवलीचा बाजार होता. धनाजीची गाडी माथ्यावर कोरजाई गावातच भरली. माणसं, कोंबड्या, तांदळाची पोती, उभं राहायला जागा नाही. अकराला त्यानं माथा सोडला. दुसऱ्या वळणावरच बॅटरी भरली. युवराजचा ठिपका खडकीला लागला आणि धनाजीनं नेहमीसारखा न्यूट्रल टाकला. लाल चिन्ह उजळलं. त्यानं सात सेकंद मोजले, गाडी लावली, पुन्हा सोडली. आज त्याला थांबवेना. चौथ्यांदा सोडली तेव्हा ब्रेकचा पाय नेहमीपेक्षा खोल गेला, आणि खालून जळक्या लायनरचा वास आला.

त्यानं बटण फिरवून गाडी लावली. मोटर धरेल, असं त्याच्या सगळ्या अंगाला ठाऊक होतं. मोटरनं धरलं नाही. पडद्यावर अक्षरं आली: 'चढती गाडी तारेवर नाही.'

आफरीन मुजावरनं त्या दिवशी वर्गात जे सांगितलं आणि धनाजीनं ऐकलं नाही, ते हे होतं. मोटर चाकांना आवरते ती वीज तयार करताना, आणि वीज तेव्हाच तयार होते जेव्हा ती घेणारं कुणी असतं. बॅटरी भरलेली असेल आणि तारेवर घेणारी गाडी नसेल, तर मोटर नुसती फिरत राहते. तारेतली जादाची वीज जिरवणारं यंत्र पायथ्याला बसायचं होतं, पण ते दुसऱ्या टप्प्यात होतं, आणि दुसरा टप्पा अजून कागदावर होता. इतके महिने धनाजी समजत होता की आपण युवराजला वीज घालतोय. खरं म्हणजे युवराज रोज त्याची गाडी धरून ठेवत होता.

आणि आज युवराजनं शेंडी तारेवरून खाली घेतली होती.

गाडीचा वेग चाळीस झाला. पन्नासकडं निघाला. धनाजीनं हँडब्रेक ओढला, त्यानं नुसता धूर काढला. पुढं पाचशे पावलांवर वळण होतं आणि वळणापलीकडं दरी. मागं एक बाई कुणाला तरी तांदळाचं पोतं सरकवायला सांगत होती. तिला अजून काही कळलेलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा धनाजीला गाडीची भीती वाटली.

त्यानं रेडिओ उचलला. नऊ वर्षं तोंडात न घेतलेलं नाव काढायला त्याला एक क्षण जास्तच लागला.

"युवराज."

खरखर आली, उत्तर नाही.

"युवराज, शेंडी तारेला लाव. ब्रेक गेलाय माझा."

"कोण बोलतंय?" आवाज थंड होता. त्यानं ओळखलं नव्हतं अशातला भाग नव्हता.

"धनाजी. वीज घे माझी. माणसं हायत गाडीत."

पुढचा क्षण धनाजीला पुरता वर्षाएवढा वाटला. या माणसानं नाही म्हटलं तर त्याला दोष देता येणार नाही, हे त्याला त्या क्षणी स्वच्छ दिसलं.

"घेतोय," युवराज म्हणाला. "ब्रेकवरनं पाय काढा, अण्णा. मोटरला धरू द्या."

आणि मोटरनं धरलं. उभी माणसं पुढं कोसळली, कोंबड्या कलकलल्या. पंचावन्न, पंचेचाळीस, तीस. वळण आलं आणि गाडी चाकं करकरत वळली. खाली मोरीपाशी दोन्ही गाड्या समोरासमोर आल्या तेव्हा धनाजीनं बघितलं. रणरणत्या उन्हात युवराजची गाडी सगळे दिवे लावून, कोरड्या काचेवर वायपर फिरवत, सगळ्या खिडक्या बंद करून एसी पुरता सोडून चढत होती. जेवढी वीज खाता येईल तेवढी तो खात होता. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं नाही.

धनाजीला परत वर बोलावून घेतलं, आणि दुपारी दोन वाजता माथ्यावरच्या कचेरीत चौकशी बसली. साळोखे साहेब, आफरीन मुजावर, आणि टेबलाच्या दोन टोकांना दोन साडू. संगणकाच्या नोंदी समोर होत्या. तारेवरून गाडी काढण्याआधी जोडीदाराला रेडिओवर कळवायचं, हा घाटातला पहिला नियम होता. युवराजनं नियंत्रण कक्षाला कळवलं होतं. जोडीदाराला कळवलं नव्हतं.

"तिबिले, तुम्ही?" साहेबांना खरंच धक्का बसला होता. "नियमाबाहेर कधी शिंकला नाहीत, आणि हा एकच नियम मोडलात?"

"मोडला," युवराज म्हणाला. "गाडी रोज आचके देत हुती. माणसांना त्रास नको म्हणून इंजिनावर घेतली. गुण जाऊ देत म्हटलं. खाडेंना कळवलं न्हाई."

"का नाही कळवलं?"

का नाही कळवलं ते खोलीतल्या चौघांनाही ठाऊक होतं.

धनाजीची नोंद मात्र धुतल्यासारखी स्वच्छ होती. सात-सात सेकंदांतलं एकही संगणकाला दिसलं नव्हतं. आफरीन कागद उलटत होती. तिच्या चेहऱ्यावर आज हसू नव्हतं. "खाडे, तुमचे ड्रम निळे पडलेत. मोटरवर उतरणाऱ्या गाडीचे ड्रम एवढे तापत नाहीत."

"बाजाराचा दिवस होता," साळोखे साहेबच म्हणाले. "गाडी तुडुंब होती. तसंच ना, खाडे?"

नुसती मान हलवायची होती. युवराजचा घाट आजच गेला असता, तोही त्याच्या स्वतःच्या कबुलीवर. नऊ वर्षं धनाजीनं याच दिवसाची वाट बघितली होती. त्यानं टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडं पाहिलं. युवराज भिंतीवरच्या नकाशाकडं बघत ताठ बसला होता. त्यानं याचना केली असती, निदान एकदा डोळे वर करून बघितलं असतं, तर धनाजीनं खुशाल मान हलवली असती. पण तो काहीच मागत नव्हता. सकाळी जीव वाचवला होता आणि आता आचक्यांचं कारण न सांगता धनाजीची नोकरीतली अब्रूही वाचवत होता, आणि हे दोन्ही उपकार धनाजीच्या अंगावर टाकून घरी जाणार होता. या विचारानं धनाजीच्या मस्तकात तिडीक गेली.

"न्यूट्रल," तो म्हणाला. "मी टाकत हुतो. सात सेकंद, परत सात सेकंद. आचके त्याच्यानंच बसत हुते. चार महिने झाले."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. आफरीननं डोळे मिटून घेतले.

"मुद्दाम?" साहेबांनी विचारलं.

"मुद्दाम."

अर्ध्या तासात निकाल झाला. दोघांचाही घाट काढला. तिबिले बेलवलीत फेऱ्या मारणार, खाडे पूर्ण चौकशी होईपर्यंत गाडीला हात लावणार नाही. आफरीनला आठ सेकंदांची सोय बंद करायला सांगितलं, आणि दुसरा टप्पा लवकर व्हावा असं वर लिहायचं ठरलं.

बाहेर आल्यावर दोघं कचेरीच्या पायरीवर थांबले. जायला दुसरी वाट नव्हती.

"तुला ठाव हुतं?" धनाजीनं त्याच्याकडं न बघता विचारलं.

"पहिल्या आठवड्यापासनं. आचका कशाचा हाय एवढं कळतंय मला."

"मग लिवून का न्हाई दिलंस? ते तर तुला झकास जमतंय."

"एकदा दिलं हुतं. त्यानं न्यूट्रल सुटला काय तुमचा?"

धनाजीनं दातओठ खाल्ले. "रेडिओवर शिवी तरी हासडायचीस. तार सोडतोय एवढं तरी सांगायचंस. पन्नास माणसं हुती माझ्या गाडीत."

युवराज पहिल्यांदाच त्याच्याकडं वळला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता, आणि सकाळपासून त्याच्याही डोक्यात तीच पन्नास माणसं होती हे धनाजीला दिसलं.

"बोलत कुठं हुतो आपण?" तो म्हणाला.

चारची गाडी लागली होती. दोघांनाही तिनंच खाली जायचं होतं. युवराज पुढच्या दारानं चढला, आणि धनाजी पाचच्या गाडीची वाट बघत बाकावर बसून राहिला.